मलाजखंडचे तांबे आणि पूर्व विदर्भातील खनिजशोध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये देशाच्या दृष्टीने निर्णायक अशा ३० खनिजांची यादी जाहीर केल्यापासून मराठी वृत्तपत्रांतून खनिजांविषयी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक लिहून येऊ लागले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या यादीत तांबे आहे, मॉलिब्डेनम आहे आणि ऱ्हेनियमही आहे. ही तिन्ही मूलद्रव्ये निसर्गात जेथे एकत्र सापडतात, त्या साठ्यांना भूविज्ञानात पोर्फिरी प्रकारचे साठे म्हणतात. असा एक साठा गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे आहे, असे मानणारा अभ्यासकांचा एक मोठा गट आहे. तसे न मानणारा गटही तितकाच जाणकार आहे. हा वाद निव्वळ विद्वानांचा आहे असे समजून आपण तो बाजूला ठेवतो. मात्र विदर्भात तांब्याचा पुढचा शोध कोठे आणि कसा घ्यायचा, याचे उत्तर बरेचसे त्या वादावर अवलंबून आहे. एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम एक दुरुस्ती. मलाजखंडचा उल्लेख ‘आशियातील सर्वांत मोठी तांब्याची उघडी खाण’ असा वारंवार छापून येतो. भारतातील सर्वांत मोठी, हे म्हणणे योग्य आहे. आशियाबद्दल मात्र मंगोलियातील एर्देनेत या एकाच खाणीचे नाव घेतले तरी पुरे. तीही तांबे-मॉलिब्डेनमची पोर्फिरी खाण असून १९७८ पासून चालू आहे, आणि तेथून वर्षाला काढले जाणारे खनिज मलाजखंडच्या मूळ क्षमतेच्या, म्हणजे वीस लाख टनांच्या, कितीतरी पट आहे. मलाजखंडचे महत्त्व त्याच्या आकारात शोधू नये. ते त्याच्या वयात आणि जातकुळीत आहे.

बालाघाट आज मध्य प्रदेशात असले, तरी १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपुरातूनच चालत असे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय, भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या खनिज अन्वेषण महामंडळाचे मुख्यालय, ही तिन्ही नागपुरातच आहेत. शिवाय ज्या प्राचीन पट्टिताश्म खडकांना भूवैज्ञानिक ‘आमगाव नाइस’ म्हणतात, ते नाव गोंदिया जिल्ह्यातील आमगावावरून पडले आहे, आणि मलाजखंडचा ग्रॅनाइट याच आमगाव खडकांच्या परिसरात घुसलेला आहे. राज्यांची हद्द खडकांना ठाऊक नसते, हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नाही. सरकारी फायलींना मात्र ती चांगलीच ठाऊक असते.

पोर्फिरी साठा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. जेथे महासागरी तळाचा खडक खंडाखाली सरकतो, तेथे खोलवर वितळलेला शिलारस वर चढतो आणि पृष्ठभागापासून काही किलोमीटर अंतरावर अडकून थंड होऊ लागतो. त्याचे स्फटिकीभवन होत असताना त्यात विरघळलेले पाणी वेगळे होते. हे पाणी अतितप्त आणि खारे असते, आणि गंधक, तांबे, मॉलिब्डेनम व कधी सोनेही सोबत घेऊन जाते. त्याच्या दाबाने वरचा खडक तडकतो आणि तडकलेल्या प्रत्येक फटीत गारगोटीची बारीक शीर व तिच्यासोबत चाल्कोपायराइट, पायराइट आणि मॉलिब्डेनाइट ही तांबे, लोह व मॉलिब्डेनम यांची गंधकयुक्त खनिजे, म्हणजे सल्फाइडे, साचतात. शिरांचे असे जाळे घन किलोमीटरच्या हिशोबाने पसरलेले असते. त्यातील तांब्याचे प्रमाण थोडे असते, अनेकदा शंभर किलो खडकात जेमतेम अर्धा किलो, परंतु विस्तार प्रचंड असल्यामुळे खाण परवडते. अमेरिकेतील युटा राज्यात बिंगहॅम येथे १९०६ मध्ये अशा हलक्या प्रतीच्या खनिजाचे मोठ्या प्रमाणावर उघडे खाणकाम सुरू झाले, तेव्हा त्याची टिंगल करणारे तज्ज्ञ कमी नव्हते. आज जगातील तांब्याचा सर्वांत मोठा वाटा, आणि मॉलिब्डेनम व ऱ्हेनियमचाही फार मोठा भाग, अशाच साठ्यांतून येतो.

शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. हे तप्त पाणी केवळ धातू साचवून थांबत नाही. ते आजूबाजूच्या खडकाची खनिजे बदलून टाकते. मध्यभागी पोटॅशयुक्त फेल्डस्पार आणि काळे अभ्रक तयार होते, त्याभोवती पांढऱ्या बारीक अभ्रकाचा आणि पायराइटचा पट्टा येतो, काही ठिकाणी खडकाची माती होते, आणि सर्वांत बाहेर क्लोराइट व एपिडोट यांची हिरवट किनार दिसते. धातूचा गाभा काही शे मीटरचा असला, तर बदललेल्या खडकाचे हे वलय कैक किलोमीटरचे असू शकते. म्हणजेच तांबे एकाही ठिकाणी डोळ्यांना दिसले नाही, तरी खडकाचा बदल वाचून त्याची दिशा कळते.

हे कसे कळते, याचे उदाहरण म्हणून ॲरिझोनातील सॅन मॅन्युएल खाणीची हकीकत मला फार मोलाची वाटते. तेथील खनिजाभोवती बदललेल्या खडकांचे पट्टे होते, पण ते पूर्ण वलय न होता अर्धेच होते. डेव्हिड लॉवेल या भूवैज्ञानिकाने १९६०च्या दशकात असा तर्क केला, की मुळात हा साठा उभ्या नळकांड्यासारखा होता, भूहालचालींमुळे तो आडवा झाला, आणि मग एका प्रस्तरभंगाने, म्हणजे खडक तुटून सरकल्याने, त्याचे दोन तुकडे झाले; अर्धा तुकडा खाणीत आहे, तर उरलेला अर्धा त्या भंगाच्या पलीकडे खोलवर असलाच पाहिजे. त्याने दाखवलेल्या जागी बोअर घेतले आणि कलामाझू नावाचा साठा हाती आला. पृष्ठभागावर त्याचा मागमूसही नव्हता. पुढे १९७० मध्ये लॉवेल आणि जॉन गिल्बर्ट यांनी या पट्ट्यांचा जो नमुना प्रसिद्ध केला, तो आजही जगभरचे शोधक वापरतात. चिलीमधील एस्कोंदिदा या अवाढव्य साठ्याच्या १९८१ मधील शोधामागेही लॉवेलच होता.

आता मलाजखंडकडे वळू. तेथे ग्रॅनाइटी खडकांमधून गारगोटीची एक भली मोठी भिंत उभी आहे; तिला क्वार्ट्झ रीफ म्हणतात. ती साधारण उत्तर-दक्षिण, किंचित कमानीसारखी वळलेली, पूर्वेकडे तीव्र उताराने कललेली आणि सुमारे दोन किलोमीटर लांबीची आहे. काही जागी तिची जाडी साठ मीटरपेक्षाही अधिक भरते. समृद्ध तांबे प्रामुख्याने या रीफमध्ये आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटमध्ये बारीक शिरांचे व विखुरलेल्या कणांचे हलक्या प्रतीचे खनिज आहे. वरच्या भागात पावसाच्या पाण्याने मूळ सल्फाइडे कुजून मॅलाकाइटची हिरवी पुटे चढलेली होती आणि त्याखाली चाल्कोसाइट व कोव्हेलाइट या तांब्याच्या खनिजांचा समृद्ध थर होता. हा हिरवा रंग कोणाच्याही नजरेत भरेल असाच होता; ब्रिटिश काळापासून या टेकडीवर तांबे असल्याचे माहीत होते. तरीही पद्धतशीर पूर्वेक्षणाला १९६९ साल उजाडावे लागले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेव्हा सविस्तर नकाशे आणि बोअर यांचे काम हाती घेतले, १९७३ मध्ये हिंदुस्तान कॉपर या सार्वजनिक कंपनीकडे खनिपट्टा आला, आणि १९८२ मध्ये उघड्या खाणीतून उत्पादन सुरू झाले. आता उघड्या खाणीची खोली परवडण्याच्या सीमेपर्यंत आल्यामुळे कंपनी भूमिगत खाणकामाकडे वळली आहे आणि वार्षिक क्षमता पन्नास लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे.

या इतिहासात एक गोष्ट ठळक दिसते. शोध रीफचा झाला आणि खाणही रीफचीच झाली. ज्या काळात पैसा कमी होता आणि देशाला तांबे तातडीने हवे होते, त्या काळात शेकडा एकच्या आसपास तांबे असलेली, डोळ्यांना दिसणारी भिंत सोडून कोणी बाजूच्या हलक्या ग्रॅनाइटच्या मागे लागले नसते, आणि तसे न करणे शहाणपणाचेच होते. पण त्यातून एक सवय पडली. मध्य भारतात तांबे शोधायचे म्हणजे गारगोटीची रीफ शोधायची, अशी ती सवय आहे, आणि माझा आक्षेप तिलाच आहे.

वाद असा आहे. भूवैज्ञानिक डी. बी. सिक्का यांनी १९८९ मध्ये मलाजखंड हा पोर्फिरी साठा असल्याची मांडणी केली. तांबे आणि मॉलिब्डेनम यांची जोडी, शिरांचे जाळे, ग्रॅनाइटची रासायनिक घडण आणि पोटॅशचा बदल ही लक्षणे त्या मांडणीला पोषक आहेत. उलट बाजूने पाणिग्राही आणि मुखर्जी यांनी १९९७ मध्ये गारगोटीच्या स्फटिकांत अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांचा अभ्यास करून सांगितले, की खनिज आणणारा द्रव ग्रॅनाइटशी नाते असलेला खरा, पण कमी तापमानाचा होता. पोर्फिरी साठ्यातील अतितप्त, अतिखाऱ्या द्रवाची खूण तेथे ठळक नाही. शिवाय नमुनेदार पोर्फिरीत असते तसे गोलाकार वलय मलाजखंडला सहज दिसत नाही, आणि बहुतेक धातू एका सपाट भिंतीत एकवटलेला आहे, ही गोष्टही खटकणारी आहे. जादवपूर विद्यापीठाचे एस. सी. सरकार आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये या साठ्याच्या उत्पत्तीचा सविस्तर विचार केला होता.

यानंतर वयाचा प्रश्न पुढे आला आणि वादाचा तोल बदलला. मॉलिब्डेनाइट हे खनिज तयार होताना ऱ्हेनियम मोठ्या प्रमाणात सामावून घेते आणि ऑस्मियम जवळजवळ घेतच नाही. ऱ्हेनियमचे १८७ वजनाचे अणू अतिशय संथ गतीने, सुमारे चार हजार कोटी वर्षांच्या अर्धायुष्याने, ऑस्मियममध्ये रूपांतरित होतात. म्हणून आज मॉलिब्डेनाइटमध्ये किती ऑस्मियम आहे, हे मोजले की ते खनिज केव्हा तयार झाले ते सांगता येते. हॉली स्टाइन यांच्या गटाने, वर उल्लेखिलेल्या एस. सी. सरकार यांच्या सहकार्याने, मलाजखंडच्या मॉलिब्डेनाइटवर हा प्रयोग केला आणि २००४ मध्ये सुमारे २४९ कोटी वर्षे हे उत्तर प्रसिद्ध केले. झिरकॉन स्फटिकांवरून काढलेले ग्रॅनाइटचे वय सुमारे २४८ कोटी वर्षे येते. मोजमापातील त्रुटी लक्षात घेता ही दोन वये एकमेकांना इतकी जवळ आहेत, की खनिज ग्रॅनाइटच्याच शिलारसातून आले, नंतर कोठून तरी वाहत येऊन त्यात साचले नाही, हे मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या वयाचे नवल सर्वसामान्य वाचकाला जाणवावे म्हणून सांगतो. बिंगहॅमचा साठा सुमारे पावणेचार ते चार कोटी वर्षांचा आहे. चिलीतील चुकिकामाता साडेतीन कोटींच्या आतबाहेरचा, तर एल तेनिएन्ते जेमतेम पन्नास-साठ लाख वर्षांचा आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्टही साडेसहा कोटींचा आहे. पोर्फिरी साठे उथळ जागी आणि उंचावणाऱ्या पर्वतांच्या पोटात तयार होत असल्यामुळे ते लवकर झिजून नाहीसे होतात, त्यामुळे फार जुने साठे क्वचितच शिल्लक राहतात. मग मलाजखंड का टिकला? त्या ग्रॅनाइटच्या झिजलेल्या पृष्ठावर नंतर चिल्पी समूहाचे गाळाचे खडक साचले, हे सर्वमान्य आहे. त्या पांघरुणाने साठ्याचे रक्षण केले असावे, असे मला वाटते. आणि तसे असेल, तर ते पांघरूण केवळ एकाच टेकडीवर होते असे कसे म्हणता येईल?

माझे मत स्पष्टच सांगतो. मलाजखंड पोर्फिरी व्यवस्थेतून जन्मला, पण आज आपण तिचा मूळ घाट पाहत नाही. २४९ कोटी वर्षांत तो खडक दाबला गेला, तडकला, घसरला. त्यातील काही गारगोटी आणि धातू पुन्हा हलून एका कमकुवत पट्ट्यात एकवटले असण्याची शक्यता मोठी आहे. कमी तापमानाच्या द्रवाचा पुरावा मी नाकारत नाही. तो या नंतरच्या टप्प्याचा, किंवा मूळ व्यवस्थेच्या उशिराच्या काळाचा असू शकतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही गटांची निरीक्षणे एकाच वेळी खरी असण्यात काही अडचण नाही. सॅन मॅन्युएलचे नळकांडे काही कोटी वर्षांत आडवे होऊन तुटले. त्याच्या कितीतरी पट आयुष्य भोगलेल्या साठ्याकडून नीटनेटक्या वलयाची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

हे मान्य केले, तर शोधाची रीत बदलावी लागते. रीफ हे फळ असेल, तर झाडाचा विस्तार किती आहे, हे आपण पुरेसे पाहिलेले नाही. रीफपासून दूर असलेल्या ग्रॅनाइटमध्ये पोटॅशच्या तांबूस बदलाचे, पांढऱ्या अभ्रकाचे आणि एपिडोटचे पट्टे कोठवर जातात, याचा एकसंध नकाशा हवा. विखुरलेल्या सल्फाइडांसाठी विद्युत प्रेरित ध्रुवीकरणाची, म्हणजे जमिनीत वीज सोडून खडकाचा प्रतिसाद मोजण्याची, जी भूभौतिक पद्धत जगभर वापरली जाते, ती रीफपुरती न राहता ग्रॅनाइटच्या मोठ्या क्षेत्रावर, आणि चिल्पी खडकांच्या खालीही जितकी जमेल तितकी वापरायला हवी. मॉलिब्डेनमचे प्रमाण मलाजखंडला अल्प आहे, टनामागे ग्रॅमच्या भाषेत बोलावे इतके अल्प. तरीही मातीच्या आणि ओढ्यांतील गाळाच्या नमुन्यांत त्याची चाहूल घेतली पाहिजे, कारण तांब्यापेक्षा वेगळ्या रीतीने पसरणारा हा धातू अनेकदा गाभ्याची जागा दाखवून जातो.

याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. आपल्या राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्टने झाकलेला असल्यामुळे धातुखनिजांची चर्चा पूर्व विदर्भातील मोजक्या जिल्ह्यांपुरतीच होते. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथे ग्रॅनाइटी खडकांत तांबे आहे, सोबत बराइट आहे, आणि काही अभ्यासक त्याला लोह-ऑक्साइड, तांबे व सोने यांच्या वेगळ्याच कुळातील मानतात. नागपूर जिल्ह्यातील पुलर येथील तांबे साकोली पट्ट्यातील असून त्याचे कूळ आणखी निराळे आहे. या सर्वांना ‘विदर्भातील तांबे’ या एका मथळ्याखाली आणून एकाच पद्धतीने बोअर घेणे म्हणजे निरनिराळ्या रोगांवर एकच मात्रा देण्यासारखे आहे. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव खडकांत घुसलेल्या ग्रॅनाइटांकडे मलाजखंडचे भाऊबंद म्हणून कोणी बारकाईने पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्यांत तांबे निघेलच असे मी म्हणत नाही. शंभर लक्षणांमागे एखादी खाण उभी राहते, हा या व्यवसायाचा जुना अनुभव आहे.

कायद्याच्या बाजूने एक विसंगती नजरेस आणून द्यावीशी वाटते. ऑगस्ट २०२३ मध्ये खाण व खनिज कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार मॉलिब्डेनमसह २४ खनिजांच्या क्षेत्रांचा लिलाव करण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. तांबे त्या गटात नाही, त्याचा लिलाव राज्यच करते. निसर्गात ही दोन मूलद्रव्ये एकाच शिरेत बसलेली असतात. एखाद्या क्षेत्रात दोन्ही असतील, तर मुख्य खनिज कोणते ठरवायचे आणि फाइल कोठे जायची, हे लिलावापूर्वीच स्पष्ट झाले नाही, तर मॉलिब्डेनमचा उल्लेख अहवालातून गाळण्याचाच मोह होईल. त्याच दुरुस्तीने तांब्यासह २९ खोल दडलेल्या खनिजांसाठी स्वतंत्र अन्वेषण परवान्याची सोय केली आहे, ती मात्र स्वागतार्ह आहे. पोर्फिरी साठ्याचा शोध हा खाण काढणाऱ्याहून शोध घेणाऱ्याचा खेळ आहे. लॉवेल आयुष्यभर तेच करत होता.

शेवटी एका दुर्लक्षित संपत्तीविषयी. १९६९ पासून या भागात घेतलेल्या बोअरांचा कोअर, म्हणजे खडकाचे ते दंडगोल, त्या वेळी तांब्याचे प्रमाण काढण्यासाठी तपासले गेले. ज्या कोअरमध्ये तांबे नव्हते, त्याकडे नंतर कोण बघणार? परंतु पोर्फिरीच्या दृष्टीने तो ‘निरुपयोगी’ कोअरच सर्वांत बोलका असतो, कारण वलयाची बाहेरची किनार त्यातच दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूवैज्ञानिक माहिती भांडाराच्या संकेतस्थळावर नकाशे आणि अहवाल सर्वांसाठी खुले होत आहेत, हे चांगले आहे. त्यांच्या जोडीने मलाजखंड, ठाणेवासना आणि पुलर येथील जुन्या बोअरांचे मूळ लॉग, म्हणजे खोलीनुसार केलेल्या खडकांच्या नोंदी, खुले करावेत, आणि हाती असलेला कोअर नागपूर विद्यापीठासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी उपलब्ध करून द्यावा. नव्या बोअरच्या एका मीटरला जो खर्च येतो, त्याच्या अल्पशा भागात जुन्या कोअरच्या पेट्या पुन्हा उघडून त्यांतील फेल्डस्पार, अभ्रक आणि क्लोराइट यांची नोंद करता येईल. पूर्व विदर्भातील तांब्याच्या पुढील क्षेत्रांचा लिलाव पुकारण्यापूर्वी राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाने एवढे काम नागपुरातील तिन्ही केंद्रीय संस्थांच्या मदतीने हाती घ्यावे, आणि त्याचे निष्कर्ष बोली लावणाऱ्यांबरोबरच त्या तालुक्यांतील ग्रामसभांनाही मराठीत द्यावेत.

आपला,
एक निवृत्त भूवैज्ञानिक, नागपूर